पिझ्झाचा ओव्हन घेताना

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. बोलले तसेच उतरवून काढले आहे.)



गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी घरी केलेल्या पिझ्झाचे तुकडे घेऊन आले होते. तिळगुळाच्या ताटाशेजारी ते ताट पाहून दोघीचौघी हसल्या. पण आधी रिकामे झाले ते तेच. त्यानंतर महिनाभर भाजीच्या गाडीपाशी, अंबादेवीच्या देवळात, दळणाच्या गिरणीवर, जिथे भेट होईल तिथे एकच प्रश्न. "ओव्हन कोणता घेतला हो? केवढ्याला पडला?" तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, रस्त्यात वीसदा सांगण्यापेक्षा सभेत एकदाच सांगून टाका. मंगळागौरीच्या गाण्यापलीकडे माझा आवाज तुम्ही कधी ऐकलेला नाही. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

कोणत्या कंपनीचा घेतला हे मी आज सांगणार नाही. कंपनी काही माझी मावशी नव्हे, आणि त्यांचे नमुने दर दिवाळीला बदलतात. घेताना काय पाहावे तेवढे सांगते. कारण मी एकदा न पाहता घेतला आणि चांगली फसले.

त्याचे असे झाले. माझी भिशी लागली होती, आठ हजार रुपयांची. बाहेर जाऊन चौघांनी पिझ्झा खाल्ला की सात-आठशे रुपये कुठे गेले ते कळत नाही, आणि पोरांचे मन काही भरत नाही. मी म्हटले, या पैशातून घरीच सोय करू. सणाच्या सवलतीत एका दुकानात लाल रंगाचा, अठरा लिटरचा ओव्हन दिसला. तीन हजारांना. दुकानदार म्हणाला, "ताई, यात केक, बिस्कीट, पिझ्झा, सारे होते." मी रंग पाहिला, काच पाहिली आणि पैसे मोजले. एवढीच माझी पारख.

मुलीच्या वाढदिवसाला तिच्या पाच मैत्रिणी बोलावल्या. पिझ्झा आत घातला, काचेतून पाहत बसलो. वरचे चीज फुगले, तांबूस झाले, मग काळे पडू लागले म्हणून घाईने बाहेर काढला. कापायला घेतला तो खालून पांढरा, ओल्या कणकेसारखा. मुली शहाण्या. वरचेवर खाऊन "काकू, छान झालाय" म्हणाल्या. खालची कणीक मात्र सगळ्यांच्या बशीत तशीच राहिली. मुलगी काही बोलली नाही, पण तिच्याकडे पाहायचे धैर्य मला झाले नाही.

पुढच्या रविवारी मी हट्टाने पुन्हा लावला. खालून भाजेपर्यंत काढायचाच नाही, असे ठरवले. त्याचा प्लग मोठा, तीन जाड पिनांचा. आमच्या ओट्यावरचा सॉकेट मिक्सरचा, लहान. मध्ये एक चाळीस रुपयांचा अडॅप्टर लावला. अर्ध्या तासाने जळका वास आला. मला वाटले चीज करपले. पाहते तो अडॅप्टर वितळून सॉकेटला चिकटलेला, आणि भिंतीवर काळा पट्टा. मी धावत जाऊन मेन पाडला. मुलगी तिथेच ओट्याला टेकून उभी होती, तिचा हात भिंतीपासून वीतभर दूर. ते आठवले की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

आमचे हे एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी ओव्हन वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली आणि माळ्यावर ठेवला. चार शब्द बोलले असते तर मीही दोन बोलून मोकळी झाले असते. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, भिशीचेच तर पैसे होते." त्यांनी समजूत घालायलाच म्हटले, पण मला ते फार लागले. भिशीचे म्हणजे काय वाऱ्यावरचे? महिन्याच्या खर्चातून चिमूट चिमूट काढून भरलेले ते पैसे. पुढे दीड वर्ष घरात काही घ्यायचे निघाले, मग ती कुकरची रिंग असो की कूलरची मोटर, की सगळ्यांचे डोळे आधी माळ्याकडे जात. "नीट पाहून घे हो" एवढेच म्हणत.

आता मूळ गोष्ट सांगते. ती मला दुकानात कळली नाही, अकोल्याला माहेरी कळली.

पौषात आम्ही भावाच्या शेतावर रोडग्यांचा बेत केला होता. तुम्हा सगळ्यांना रोडगे ठाऊकच आहेत. जाडसर कणीक, तेलाचे मोहन, पदर घालून वळलेला गोळा, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजणे. मी घाईने गोवऱ्या नीट फुलायच्या आधीच रोडगे मांडले आणि वरून पेटती गोवरी रचली. वरून खरपूस तांबूस झाले. आईने एक फोडून पाहिला, तो आत कच्चा. आई म्हणाली, "वरचं पाह्यलं तू, खालचं नाही पाह्यलं. खालून दम नाही बसला त रोडगा कच्चाच राह्यते, माय."

मी हातातला चिमटा घेऊन तशीच उभी राहिले. ओव्हनमध्ये दुसरे काय झाले होते? वरचा विस्तव जोरात, खालचा मंद. पूर्वी चुलीच्या घरात बायका खाली मंद शेगडी ठेवून वर झाकणीत निखारे घालीत, ते काय उगीच? वर-खाली विस्तव पाहिजे, आणि पिझ्झासारखी कणकेची जिन्नस असेल तर खालचा आधी तापलेला पाहिजे.

घरी परतल्यावर माळ्यावरून ओव्हन खाली काढला आणि ओळखीच्या वायरमनला दाखवला. त्याने मोजून सांगितले की एकूण पंधराशे वॉटपैकी वरचा रॉड हजाराचा आणि खालचा पाचशेचा. शिवाय दोन्ही एकाच बटणावर. वरचा बंद करून नुसता खालचा चालू ठेवायची सोयच नाही. आणि खाली दिलेला ट्रे पत्र्याचा, पापडासारखा पातळ. त्यात पिझ्झा ठेवला की ओल्या कणकेनेच तो गार होणार. अर्धा दोष यंत्राचा. अर्धा माझा, कारण मी तो आधी तापवलाही नव्हता.

हा पिझ्झा मूळचा इटलीतल्या नेपल्स शहराचा. तिथे तो लाकडाच्या भट्टीत भाजतात. भट्टीचा ताव ४३० ते ४८० अंश सेल्सिअस असतो, आणि पिझ्झा थेट तापलेल्या दगडी तळावर टाकला की ६० ते ९० सेकंदांत तयार होतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत जागा दिली. आपल्या घरी मिळणारे साधे विजेचे ओव्हन २५० अंशांपर्यंत जातात. म्हणजे दीड मिनिटाचे काम आपल्याकडे दहा मिनिटांचे. त्यात कमीपणा काही नाही, पण तो दगडी तळ आपण घरी कसा आणावा, एवढाच प्रश्न उरतो. त्याला माझे उत्तर बिडाचा तवा. डोशाचा, सपाट, जड, दांडा नसलेला. तो ओव्हनच्या खालच्या खाचेत उपडा ठेवायचा, दोन्ही रॉड लावून २५० वर वीस-पंचवीस मिनिटे तापू द्यायचा आणि मग त्यावर पिझ्झा सरकवायचा. परदेशी पद्धतीचा खास दगडही विकत मिळतो. मी घेतला नाही. तवा घरात होता.

आता दुकानात काय काय मिळते ते सांगते. आपल्यापैकी पुष्कळ जणींकडे मायक्रोवेव्ह आहे आणि त्यात दूध-भाजी गरम होण्यापलीकडे काही होत नाही. साध्या मायक्रोवेव्हमध्ये कणीक भाजली जात नाही, वातड होते. त्याच्यावर पिझ्झाची आशा ठेवू नका. कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह असतो, त्यात गरम हवा फिरते. केक चांगला होतो, पण पिझ्झाला खालचा दम त्यातही कमीच पडतो, आणि किंमत जास्त. तिसरा तो ओ.टी.जी., म्हणजे वर-खाली रॉड असलेला काचेच्या दाराचा डबा. माझ्या मते साध्या घराला हाच.

चौथा प्रकार नुसत्या पिझ्झाचा. तो गोल असतो, सोलकढीच्या वाटीवर वाटी पालथी घालावी तसा उघडतो, आत दगडाची चकती असते. साधारण १२०० वॉटचा, आणि जागा लहान असल्याने ४०० अंशांपर्यंत तापतो. माझ्या अकोल्याच्या वहिनीने तोच घेतला. पाच मिनिटांत पिझ्झा, आणि खरे सांगते, माझ्यापेक्षा सरस. मी म्हटले, "वहिनी, यात नानखटाई होईल का? ढोकळ्याचे भांडे मावेल का?" ती म्हणाली, "नाही होत. पण मला कोठी करायचीय नानखटाई?" तिचेही बरोबर. ती शनिवारी जठारपेठेतल्या ओळखीच्या घरांतून मागणी घेते, वीस-पंचवीस पिझ्झे विकते. त्यासाठी तिने अन्न परवान्याची नोंदणीही करून घेतली. तिचे पैसे वसूल झाले. जिला महिन्यातून दोनदा पोरांसाठी करायचा, तिने माझ्या ओव्हनच्या जवळजवळ दुप्पट किमतीची ती वस्तू घेऊन बाकीचे अठ्ठावीस दिवस तिच्यावरची धूळ पुसू नये.

आणि एक सांगू का? ज्यांना दुकानातला तयार बेस आणून त्यावर भाजी-चीज घालूनच पिझ्झा करायचा आहे, त्यांनी ओव्हन घेऊच नये. तो बेस आधीच भाजलेला असतो. जाड तवा, मंद आच, वर घट्ट झाकण, सात-आठ मिनिटांत चीज वितळते. ओव्हन लागतो तो घरी मळलेल्या कणकेला. त्यासाठी यीस्ट घालून मळलेला मैदा फुगावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात तासाभरात फुगून भांड्याबाहेर येतो, आणि पौषात दोन-अडीच तास वाट पाहायला लावतो. मी निम्मा मैदा आणि निम्मी गव्हाची कणीक घेते. थोडा जड होतो, पण सासूबाईंना पचतो.

दुसऱ्यांदा ओव्हन घ्यायला गेले तेव्हा पिशवीत शिवणाची टेप आणि घरचा बिडाचा तवा घेऊन गेले. राजकमल चौकाजवळच्या दुकानातली पोरे तोंडावर हात ठेवून हसली. हसू द्या. लिटरचा आकडा पाहून काही कळत नाही. वीस लिटरचा एक ओव्हन उंच आणि अरुंद निघाला, माझा दहा इंची तवा दारातच अडला. आतली रुंदी आणि खोली मोजा, तवा प्रत्यक्ष आत ठेवून दार लावून पाहा. तव्याच्या चारही बाजूंना बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर हवा फिरत नाही. मला शेवटी अठ्ठावीस लिटरचा बसला.

मग बटण पाहा. नुसता वरचा, नुसता खालचा आणि दोन्ही, असे तीन प्रकारे रॉड लावता आले पाहिजेत. हे नसेल तर किती का स्वस्त असेना, परत ठेवा. ताव २५० अंशांपर्यंत जातो का ते पाहा. काही २३० वरच थांबतात आणि पिझ्झाला ते वीस अंश जाणवतात. बटणावरचा आकडाही डोळे मिटून खरा मानू नये. आत ठेवायचा लहान तापमापक दोन-चारशे रुपयांत मिळतो. माझ्या ओव्हनचे बटण २५० म्हणते तेव्हा आत २३५ असते, हे मला त्यानेच सांगितले. मागच्या पट्टीवर वॉट आणि व्होल्ट लिहिलेले असतात, ते वाचा, आय.एस.आय.ची खूण शोधा. आणि विचारा, की रॉड गेला तर दुरुस्ती इथे अमरावतीत होईल की नागपूरला पाठवावा लागेल? या प्रश्नाला जो दुकानदार हसून टाळतो, त्याचे दुकान आपणही टाळावे. रंग, आतला दिवा, चिकन फिरवायची सळई, यांचे पैसे मोजू नका. आमच्या घरी तर त्या सळईवर सासूबाईंनी सोवळ्याचा पंचा वाळत घातला आहे.

आता विजेचे. हे मी फार गंभीरपणे सांगते. वॉट, व्होल्ट, अँपिअर हे शब्द मी सातवीच्या पुस्तकात वाचले असतील तर विसरले होते. वायरमनने ओट्यावर खडूने मांडून दाखवले. वॉटना व्होल्टने भागले की अँपिअर येतात. दोन हजार वॉटचा ओव्हन, २३० व्होल्ट, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. आपला लहान सॉकेट सहा अँपिअरचा. पंधराशे वॉटचा ओव्हनसुद्धा साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे तोही त्याला जड. त्यात ढिला अडॅप्टर, आणि तो अर्धा तास सतत तापलेला! माझी भिंत काळी झाली ती अशी. ओव्हनला सोळा अँपिअरचाच सॉकेट हवा, त्याची तार मेन बोर्डापासून वेगळी हवी, अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याची, आणि तिच्यावर स्वतंत्र एम.सी.बी. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, कारण डबा सगळा लोखंडी. जुन्या वाड्यातून राहणाऱ्या भगिनींनी तर ओव्हनच्या आधी हेच करावे. मला या कामाला पंधराशे रुपये लागले, आणि ओव्हनच्या किमतीत मी ते आधीच धरून चालले. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. ओव्हन फ्रीजवर ठेवू नका, बंद कपाटात ठेवू नका, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या.

व्होल्टेजचीही एक गंमत आहे. मागच्या मे महिन्यात एका संध्याकाळी पिझ्झा काही केल्या होईना. मला वाटले नवाही बिघडला, आणि माळा आठवला. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर पाहिले तर आकडा २०० च्या खाली. गावातले सगळे कूलर एकदम लागलेले. वायरमन म्हणाला, व्होल्टेज २३० वरून २०० वर आले की रॉडची उष्णता जवळजवळ पाव हिश्श्याने घटते. तिकडे अकोल्याजवळ पारसला अडीचशे मेगावॉटचे दोन संच, इकडे आपल्या नांदगावपेठेला औष्णिक केंद्र, आणि आमच्या ओट्यावर पिझ्झा कच्चा! तेव्हापासून उन्हाळ्यात मी पिझ्झा सकाळी दहाच्या आत करते. तसेही पंचेचाळीस अंशांच्या दिवसांत दुपारी घरात आणखी एक भट्टी कोण पेटवील?

बिलाची भीती पुष्कळ जणींना आहे. माझा ओव्हन सोळाशे वॉटचा. तापवणे आणि तीन पिझ्झे एकामागून एक भाजणे याला साधारण पाऊण तास लागतो. सतत चालला असे धरले तरी सव्वा युनिटाच्या आतच, आणि ताव आला की तो मधूनमधून आपोआप बंद होतो. मात्र महावितरणच्या बिलात पहिल्या शंभर युनिटांनंतर दराची पायरी चढते. ज्यांचे बिल त्या पायरीच्या अगदी कडेला असते त्यांनी ध्यानात ठेवावे. एकदा तापवला की त्याच तावात दोन जिनसा करून घ्याव्या. मी पिझ्झा निघाला की लगेच ताव उतरवून शेंगदाणे भाजून घेते आणि मग नानखटाई लावते. लहानपणी अकोल्याला दिवाळीच्या आधी नानखटाईचे पीठ डब्यात घालून आम्ही बेकरीच्या भट्टीवर रांग लावत असू. चिठ्ठीवर नंबर, आणि घरी येईतो कोणाचा ट्रे कोणाकडे गेलेला. ती रांग गेली, याचेच मला पिझ्झापेक्षा अधिक सुख आहे.

दुसरा ओव्हन मला साडेपाच हजारांना पडला. भिशीतले पाच हजार डब्यात राहिले होते, ते यात घातले. वरचे पाचशे आणि वायरमनचे पंधराशे फॉल-पिकोच्या कामातून घातले. पहिल्या दिवशी तापवायला लावला तेव्हा आमचे हे वर्तमानपत्र घेऊन ओट्यापाशीच उभे राहिले, सॉकेटवर हात ठेवून. "गार आहे," एवढे म्हणाले आणि जाऊन बसले. पिझ्झा निघाला, मी तो उलटा करून खालची बाजू आधी मुलीला दाखवली. तांबूस ठिपके होते.

आईने मागल्या खेपेला हट्टाने त्यात रोडगे करून पाहिले. दोनशे अंश, पाऊण तास, तव्यावर, मध्ये एकदा उलटून. आतून छान शिजले, पदर सुटले. आईने तूप घातले, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "झाला त चांगला. पण धूर कोठी हाय याच्यात?" ते खरे आहे. रोडगे शेतातच करावे.

जुना लाल ओव्हन आता माळ्यावर नाही. त्याच्या वरच्या रॉडचा जोर टोस्टला आणि भरल्या ढोबळ्या मिरचीला बरा पडतो, म्हणून तो मोठ्या सॉकेटवर लावून कधी कधी वापरते. कोणाला पाहायचा असेल, किंवा नव्याचे माप घ्यायचे असेल, तर येत्या बुधवारी दुपारी तीननंतर घरी या. पीठ मी मळून ठेवते. येताना आपापला तवा आणा, म्हणजे माझ्या टेपने तो तिथेच मोजून घेता येईल.